गिटार शिकणाऱ्या मुलाला वाचायलाही शिकवा

पुण्यात गिटार शिकणाऱ्या मुलाला नोटेशन वाचता आलं नाही तरी एक वेळ भागेल. दौंडच्या किंवा शिरूरच्या मुलाचं भागणार नाही. हे म्हणणं अनेक पालकांना उलटं वाटतं. शहरातल्या मुलांनी परीक्षा द्याव्यात, पाच रेघांचे ते कागद वाचावेत; आपल्या पोराला गॅदरिंगमध्ये दोन गाणी वाजवता आली की पुरे, असा त्यांचा हिशेब असतो. मी रेल्वेत गार्ड होतो. निवृत्त झाल्यापासून दौंडमध्ये गिटार शिकवतो आणि रविवारी चौफुला-न्हावरा रस्त्याने शिरूरला जाऊन तिथल्या मुलांना शिकवतो. या दोन गावांतल्या मुलांकडे पाहूनच माझं मत पक्कं झालं आहे.

पुण्यातल्या मुलाचं बोट बार कॉर्डवर, म्हणजे एकाच बोटाने अनेक तारा दाबताना, अडलं, तर पलीकडच्या गल्लीत एखादे सर असतात, कॉलेजात वाजवणारे मित्र असतात. दौंडहून पुणे पंचाहत्तर-एक किलोमीटर, शिरूरहून सत्तरेक. इथल्या मुलाला शिकवणारा माणूस आठवड्यातून एकदा भेटतो. बाकीचे सहा दिवस तो आणि त्याचा मोबाइल. मोबाइलवर वाजवणाऱ्याचे हात समोरून दिसतात, म्हणजे डावं-उजवं मनातल्या मनात उलटावं लागतं. मानेच्या मागचा अंगठा दिसतच नाही. व्हिडिओतल्या माणसाने दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या आडव्या पट्टीवर, तारा दाबून धरणारा चिमटा, कॅपो, लावलेला असतो, आपल्या मुलाकडे कॅपो नसतो. मग मुलगा दिसतं तेवढं उचलतो, उरलेलं अंदाजाने भरतो आणि चुकीची सवय बोटांत घट्ट बसते. ती काढायला पुढे मला महिने लागतात. यात मुलाचा काही दोष नाही. त्याच्यापाशी दुसरं साधनच नाही.

गिटारला कागद का लागतो, हे वाद्यातच दडलेलं आहे. हार्मोनियमवर एका स्वराला एकच पट्टी असते. कान तयार असला की पट्टी सापडते. गिटारची पहिली तार मोकळी छेडली की जो ई स्वर येतो, तोच दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटवर आहे, तिसऱ्या तारेवर नवव्या, चौथ्या तारेवर चौदाव्या. चारही जागी स्वर तोच, पण आवाजाचा पोत निराळा आणि पुढच्या स्वराकडे जायची वाट निराळी. कानाने स्वर ओळखला तरी बोट कुठे ठेवायचं हा प्रश्न उरतोच. म्हणून गिटारच्या छापील नोटेशनमध्ये स्वराशेजारी बारीक आकडे असतात: डाव्या हाताच्या बोटांना एक ते चार, वर्तुळातला आकडा तारेचा, रोमन आकडा हात कोणत्या फ्रेटवर न्यायचा त्याचा. उजव्या हातासाठी पी, आय, एम, ए ही अक्षरं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांच्या स्पॅनिश नावांची ती आद्याक्षरं आहेत. दोन स्वरांना जोडणारी कमान असली तर दुसरा स्वर उजव्या हाताने छेडायचा नाही. डाव्या हाताचं बोट तारेवर आपटून किंवा तार ओढून सोडून काढायचा. मुलं याला हॅमर-ऑन आणि पुल-ऑफ म्हणतात. हे सगळं व्हिडिओत अर्ध्या सेकंदात निघून जातं. कागदावर ते थांबून राहतं, मूल हवा तितका वेळ बघू शकतं.

शिरूरच्या एका मुलीने फ्रान्सिस्को तारेगाची ‘रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा’ ही रचना ऐकली आणि मला विचारलं, ‘‘काका, दोघं जण वाजवतायत ना?’’ कोणालाही तसंच वाटेल. वर एक स्वर सतत थरथरत असतो आणि खाली कुणी दुसराच शांतपणे चालतो आहे असा भास होतो. मी तिच्यापुढे कागद ठेवला. खालच्या स्वरांच्या दांड्या खाली वळलेल्या, ते अंगठ्याचे. वरचे स्वर तीन-तीनच्या झुपक्यांत, अनामिका, मधलं बोट, तर्जनी याच क्रमाने, पुन्हा अंगठा, पुन्हा तीच तीन बोटं. तिने कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘‘एकच हात आहे हा.’’ वाजवायला तिला अजून खूप वेळ लागेल. पण ते कसं केलंय हे तिला त्याच दिवशी कळलं, आणि मला समजावून सांगावं लागलं नाही.

मुलांच्या मोबाइलवर जे टॅब फिरतात, त्यांना मी वाईट म्हणत नाही. सहा रेघा म्हणजे सहा तारा, रेघेवरचा आकडा म्हणजे फ्रेट. ही पद्धत फार जुनी आहे. व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची नावाच्या मुद्रकाने १५०७ मध्ये ल्यूट हे गिटारसारखं जुनं वाद्य वाजवणाऱ्या फ्रांचेस्को स्पिनाचिनोची पुस्तकं याच पद्धतीने छापली. पण त्या जुन्या टॅबमध्ये रेघांच्या वर लयीच्या खुणा असत. कोणता स्वर किती वेळ, ते लिहिलेलं असे. आज फुकट मिळणाऱ्या बहुतेक टॅबमधून नेमक्या त्याच खुणा गळाल्या आहेत. त्यामुळे मुलाने आधी ऐकलेलं गाणं टॅबवरून वाजतं, न ऐकलेलं वाजत नाही. माझी कसोटी हीच आहे. कधीही न ऐकलेली साधी चाल मूल कागदावरून वाजवू शकलं, तर त्याला वाचता येतं. ऐकलेलंच वाजवत असेल, तर कागद नुसता आठवण करून देतोय.

पाच रेघा पाहून मुलं घाबरतात. दौंडमध्ये मला एक सोय आहे. इथल्या बऱ्याच मुलांच्या घरी आजोबा, वडील, काका यांपैकी कुणीतरी रेल्वेत असतं. मी त्यांना कंट्रोल चार्ट समजावतो. दौंड १८७८ मध्ये मनमाडची लाइन झाली तेव्हापासून जंक्शन आहे. गाड्या कशा चालवतात हे या गावाला सांगावं लागत नाही. कंट्रोल चार्टवर आडवं सरकलं की वेळ पुढे जातो, उभं सरकलं की स्टेशन बदलतं. गाडीची रेघ पाहून ती कुठे धावली, कुठे उभी राहिली, हे गाडी न बघता सांगता येतं. स्वरांचा कागदही तसाच आहे: आडवा वेळ, उभी स्वराची उंची. एवढं डोक्यात शिरलं की पुढचं काम सरावाचं.

शिकवणाऱ्यांचंही एक चुकतं. नोटेशन म्हटलं की आधी रेघांची नावं, मग क्लेफ, मग स्वरांच्या किमती, असा पाठांतराचा डोंगर उभा करतात. मूल गिटार वाजवायला आलेलं असतं आणि त्याच्या हातात पेन्सिलच राहते. माझ्याकडे पहिल्या तासाला पहिली तार आणि तीन स्वर. मोकळी तार ई, तिची जागा सगळ्यात वरच्या फटीत. पहिल्या फ्रेटवर एफ, तो सगळ्यात वरच्या रेघेवर. तिसऱ्या फ्रेटवर जी, तो रेघेच्या वर टेकलेला. या तीन स्वरांत मी फळ्यावर छोट्या चाली लिहितो आणि मुलं बघून वाजवतात. पुढच्या आठवड्यात दुसरी तार. कॉर्ड, स्ट्रमिंग, त्यांची आवडती सिनेमाची गाणी हे सगळं जोडीने चालू असतंच. आधी वाचन आणि मग वादन अशी उतरंड मी लावत नाही.

लयीत तर आपली मुलं आधीच पुढे असतात. गावात सप्ताह बसलेला असतो, हरिपाठाला टाळ हातात घेतलेला असतो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा त्यांच्या अंगात असतात. कागदावरचा काळा, एका दांडीचा स्वर म्हणजे एक मात्रा; दांडीला शेपूट आलं की अर्धी; दोन शेपटांचा पाव. टाळ्या वाजवून घेतलं की चार-चार मात्रांचे दोन बार, म्हणजे उभ्या रेघांमधले दोन खंड, आणि आपला ठेका बरोबर जुळतात. सहा मात्रांचा दादरा ठाऊक असलेल्या मुलाला सहा-आठचा (६/८) ताल वेगळा शिकवावा लागत नाही. संगीताच्या परीक्षांचं पुस्तक ज्यांनी हाताळलंय त्यांना तर आणखी सोपं: भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ. फरक एवढाच सांगावा लागतो, की आपला षड्ज गाणारा ठरवील तिथे बसतो आणि पाच रेघांवरचा सी आपली जागा सोडत नाही.

‘आपलं संगीत गुरुमुखी विद्या आहे, कागदाने ती मरते,’ असं मला अनेकांनी सांगितलं आहे. कोणत्याही कागदावर मींड पुरती उतरत नाही, भाव तर अजिबात नाही. इथवर मलाही मान्य आहे. आमच्याच तालुक्यात चौफुल्याच्या संगीत बारीत ढोलकी आणि पेटी वाजवणारे कलाकार एकही अक्षर न वाचता जे वाजवतात, त्यापुढे मी हात जोडतो. पण त्यांच्यातल्या कित्येकांना ढोलकी घरातच भेटलेली असते. चालायला लागायच्या आधी ते बोल ऐकत असतात. चोवीस तास गुरू शेजारी असेल तर कागद नको. ज्या घरात गिटार हे वाद्यच पहिल्यांदा आलं, तिथल्या मुलाला गुरुमुखी विद्येचा दाखला देणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं आहे.

मराठी माणसाने तर हा वाद शंभर वर्षांपूर्वी निकालात काढला होता. विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिली बाजूला ठेवून गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी गोळा केल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांतून छापल्या. त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीतच लिहिलेला आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची स्वरलिपी करून पुस्तकं छापली. घराण्याच्या उंबऱ्यात अडकलेली विद्या बाहेरच्या मुलाला मिळावी म्हणून हा खटाटोप होता. आज उंबऱ्याबाहेर तालुक्याची मुलं उभी आहेत.

पोटापाण्याचाही विचार करा. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याचे वादक एवढ्या संख्येने का शिरले? चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणी स्टाफ नोटेशन शिकवलेलं होतं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे अरेंजर कागद लिहून समोर ठेवत आणि वादक तो पाहून वाजवत. संगीतकार प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा यांनी हीच विद्या मुंबईत अनेक वादकांना दिली. सैन्यातल्या बँडचे वादक पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये स्टाफ नोटेशनवरच तयार होतात. मिझोरमच्या चर्चमधली साधी माणसं टॉनिक सोल्फाच्या, म्हणजे स्वर अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीच्या, कागदावरून चार आवाजांत गातात. हुशारी आपल्या मुलांत कमी नाही. त्यांच्या हाती अक्षर द्यायचं राहून गेलं.

हाती अक्षर दिल्याचं उदाहरण आमच्या जवळच आहे. केडगाव दौंड तालुक्यातच आहे. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींच्या हाती ब्रेल दिलं गेलं, तेही देशात बहुतेक डोळस बायकांना अक्षरओळख नव्हती त्या काळात. ती लिपी तयार करणारे लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवत आणि १८२९ च्या त्यांच्या पहिल्या पुस्तकात शब्दांबरोबर संगीत लिहिण्याचीही पद्धत होती. अंध गिटारवादकाला वाजवताना वाचता येत नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात. तो दोन बार बोटांनी वाचतो, पाठ करतो आणि मग वाद्य उचलतो. मी डोळस मुलांकडूनही हेच करून घेतो. दोन बार वाचायचे, कागद उलटा ठेवायचा, वाजवायचे, पुन्हा बघून ताडून पाहायचे. याने पाठांतर पक्कं होतं, आणि वाजवताना मान वळवून फ्रेटकडे बघत बसायची खोडही जाते.

साधनांना फारसे पैसे लागत नाहीत. कारकासीचे पंचवीस अभ्यास, सोरच्या रचना, जुलियानीचे उजव्या हाताचे एकशेवीस व्यायाम हे जुन्या गिटार-रचनाकारांचं सगळं साहित्य स्वामित्वहक्कातून मोकळं झालेलं आहे. २००६ पासून चालू असलेल्या ‘इंटरनॅशनल म्युझिक स्कोअर लायब्ररी प्रोजेक्ट’ या संकेतस्थळावरून ते कुणालाही उतरवून घेता येतं. झेरॉक्सच्या दुकानात त्याची प्रत थोड्या खर्चात निघते. तारा, फ्रेट, मात्रा हेच शब्द वापरून मराठीत समजावणारी एक पातळ पुस्तिका मात्र सोबत हवी. दौंडच्या आणि शिरूरच्या वाचनालयांनी संगीताच्या कपाटात या प्रती बांधून ठेवाव्यात. माध्यमिक शाळांनी आठवी-नववीच्या संगीताच्या तासाला भातखंडे स्वरलिपीबरोबर पाच रेघांचीही ओळख करून द्यावी. पुस्तिकेचा कच्चा मजकूर मी लिहून ठेवला आहे, ज्या शाळेला हवा तिने न्यावा.

पालकांना एवढंच सांगतो. मुलाला गिटार घेऊन देणार असाल, तर तिच्याबरोबर रेघांची एक वहीही घ्या. क्लास लावताना गाणं किती दिवसांत वाजेल हे विचारू नका. कधी न ऐकलेली चाल माझा मुलगा कागद बघून केव्हा वाजवील, हे विचारा. याचं उत्तर ज्या सरांकडे असेल, त्यांच्याकडेच मुलाला पाठवा.