पॉइंटर, अमानत आणि पाठांतर

डिप्लोमा, बीसीए किंवा इंजिनिअरिंगला गेलेली आपली कितीतरी मुलंमुली 'सी' भाषेतल्या लिंक्ड लिस्टपाशी अडतात. प्रोग्रॅम कंपाइल होतो, पण चालवला की पडद्यावर 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढंच उमटतं. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी लगेच समजतो की आपलं इंग्रजी कच्चं, हे आपलं काम नव्हे. मला हे मान्य नाही. अडचण इंग्रजीची नाही. चूक कशी शोधायची हे आपण शिकवतच नाही, ही खरी अडचण आहे.

मॅलॉकने मिळालेली जागा म्हणजे अमानत. ती मिळाली की नाही ते आधी पाहायचं, काम संपल्यावर फ्री करून एकदाच परत करायची आणि नंतर तिला हात लावायचा नाही. परत केली नाही तर मेमरी लीक, दोनदा केली तर डबल फ्री आणि परत करूनही वापरली तर ती सरळ खयानत.

लिस्ट पुसण्याचा लूप घ्या. अनेक जण नोड आधी फ्री करतात आणि मग त्याच नोडच्या 'नेक्स्ट'मधून पुढचा पत्ता वाचतात. घराची चावी परत दिल्यावर त्याच घरात पत्त्यांची वही शोधण्यासारखं हे आहे. कधी कधी वही सापडतेही, कारण त्या जागी अजून दुसरं काही लिहिलेलं नसतं. म्हणून तोच प्रोग्रॅम घरी चालतो आणि परीक्षेत कोसळतो. उपाय एका ओळीचा: आधी नेक्स्ट दुसऱ्या पॉइंटरमध्ये ठेवा, मग फ्री करा.

मध्ये नोड घालतानाही क्रम महत्त्वाचा. आधी जुना नोड नव्याला जोडला आणि मग नव्याच्या नेक्स्टमध्ये जुन्याचा नेक्स्ट भरला, तर नवा नोड स्वतःकडेच बोट दाखवतो. पुढची लिस्ट हरवते आणि लूप थांबत नाही. कागदावर चौकोन आणि बाण काढले की दोन मिनिटांत हे दिसतं.

कोसळण्याची ओळ आणि चुकीची ओळ बहुधा वेगळ्या असतात. त्यासाठी व्हॅलग्राइंड आणि अ‍ॅड्रेससॅनिटायझर ही मोफत साधनं आहेत. जागा कुठे घेतली, कुठे परत केली आणि नंतर कुठे वापरली, हे ती ओळीसकट दाखवतात. तरी कित्येक वर्गांत जर्नलमध्ये तयार प्रोग्रॅम उतरवून घेतला जातो आणि तोंडी परीक्षेत व्याख्या विचारली जाते.

अशा चुका अडाण्यांच्या नसतात. १९६५ साली नल रेफरन्स आणणाऱ्या टोनी होअर यांनीच २००९ मध्ये त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. २०१४ मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोषही मेमरीच्या हद्दीबाहेर वाचल्याने घडला होता.

मुलाखत इंग्रजीत होते, हे खरं. पारिभाषिक शब्द इंग्रजीच राहू द्या, पण बाण कुठून कुठे जातो याचा विचार मुलाला आपल्या भाषेत करू द्या. प्रात्यक्षिकात एक बिघडलेला प्रोग्रॅम द्या आणि चूक शोधण्याला गुण ठेवा. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेतही हे जमेल. नाहीतर एका न समजलेल्या बाणापायी हुशार मुलं शिक्षण सोडत राहतील आणि आपण त्यांच्या इंग्रजीला दोष देत बसू.