एकच तिकीट, हाताशी चार दिवस



जुलै उजाडला की भालकी, बसवकल्याण, औराद, आळंदकडच्या काही घरांत मोठ्या बॅगा बाहेर निघतात. व्हिसा आलेला असतो, बँकेचं कर्ज मंजूर झालेलं असतं, गाणगापूरला नाहीतर माणिकनगरला दर्शनही झालेलं असतं. एवढं सगळं जमवून आणलेल्या घराला मग एकच धास्ती उरते. विमानाला उशीर झाला आणि पोरगं मध्येच कुठल्या देशात अडकलं तर? असे फोन मला दर वर्षी येतात, म्हणून या वेळी त्याबद्दलच लिहितो.

आपल्या भागातून परदेशी जाणं म्हणजे मुळातच दोन-तीन प्रवास एकमेकांना जोडणं. कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाला, बीदरचं प्रवासी टर्मिनल फेब्रुवारी 2020 मध्ये. पण दोन्हीकडून थेट परदेशी जाता येत नाही आणि देशांतर्गत सेवाही चालू-बंद होत आली आहे. म्हणून बीदरकडचे बहुतेक जण झहीराबादमार्गे दीडएकशे किलोमीटर गाडीने हैदराबादचं शमशाबाद विमानतळ गाठतात. कलबुर्गीकडचे काही जण रेल्वेने मुंबईला जातात. पुढे दुबई, दोहा किंवा फ्रँकफुर्टला विमान बदलायचं असतं. साखळी जितकी लांब, तितक्या तुटायच्या जागा जास्त.

उशीर होतो तरी कसा? आपल्या सरकारी बससारखाच. सकाळच्या फेरीला हुमनाबादला टायर पंक्चर झालं की त्या गाडीच्या दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या मागे पडतात. विमानही दिवसभर फेऱ्याच मारत असतं. त्यात वैमानिकांच्या कामाचे तास कायद्याने ठरलेले, ते संपले की नवीन वैमानिक येईपर्यंत विमान जागचं हलत नाही. कधी कारण हवेत असतं. 16 एप्रिल 2024 ला दुबईत विक्रमी पाऊस पडला आणि तिथलं विमानतळ कित्येक दिवस विस्कळीत राहिलं. 23 जून 2025 ला कतारने आपलं आकाश काही तास बंद केलं. आणि कधी कारण आमच्या धंद्यातलं असतं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख संगणक बंद पाडले, तेव्हा हैदराबादला चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. यातलं काहीच आपल्या हातात नाही. मात्र उशीर झाल्यावर तो कोणी निस्तरायचा, हे आपण तिकीट काढतो तेव्हाच ठरतं.

माझं सांगणं एवढंच, की निघण्यापासून पोहोचेपर्यंत तिकीट एकच काढा. म्हणजे पीएनआर एकच. पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. तुकड्या-तुकड्यांनी काढलेली तिकिटं दहा-बारा हजारांनी स्वस्त दिसतात. पण तिथे पहिल्या कंपनीच्या उशिराशी दुसरीला देणंघेणं नसतं. तिच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी, म्हणजे तिकीट बुडालं. शिवाय मधल्या देशात सामान स्वतः बाहेर जाऊन घ्यावं लागू शकतं आणि बाहेर पडायला तिथला व्हिसा लागतो. बीदर किंवा कलबुर्गीहून बेंगळुरूपर्यंत वेगळ्या तिकिटावर विमानाने जाणार असाल, तर निदान आदल्या दिवशी पोहोचा.

माझ्या मावसभावाचा मुलगा गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेला निघाला. शमशाबादहून विमान पाच तास उशिरा. रात्री दोनला त्याचा फोन आला. "काका, पुढचं विमान हुकतंय. आता कॉलेजवाले घेतील का नाही?" मी विचारलं, "तिकीट एकच आहे ना? आणि कॉलेज कधी सुरू?" तिकीट एकच होतं, कॉलेजला आठ दिवस होते. "मग काउंटरवर जाऊन नवीन बोर्डिंग पास माग, आणि आईला सांग जेवलास म्हणून." तो एक दिवस उशिरा पोहोचला, एवढंच. त्याच्याच ओळखीच्या एका मुलीची तिकिटं मात्र वेगवेगळी होती. तिच्या वडिलांना रातोरात दुसरं तिकीट काढावं लागलं, आणि तेही कर्जाच्या पैशातून.

आठ दिवसांचा हा मुद्दा महत्त्वाचा. अमेरिकेच्या आय-20 कागदावर अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख असते आणि तिच्या आधी 30 दिवसांपर्यंत देशात शिरता येतं. म्हणजे शेवटच्या दिवशी पोहोचायची काहीच गरज नाही. चार-पाच दिवस हाताशी ठेवा. तरीही तारीख उलटणार असं दिसलं, तर विमानात बसण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करा आणि त्यांचं उत्तर छापून जवळ ठेवा. परवानगीशिवाय उशिरा गेलेल्याला तिथल्या विमानतळावरच अडवू शकतात. इतर देशांतही प्रवेश पक्का करण्याच्या तारखा असतात, त्या आधी विचारून घ्या.

विमानतळावर ताटकळताना आपले हक्कही माहीत असावेत. आपल्याकडे डीजीसीएच्या नियमांनुसार, प्रवासाच्या लांबीप्रमाणे दोन ते चार तासांहून जास्त उशीर झाला की खाणंपिणं कंपनीने द्यायचं. रात्री 8 ते पहाटे 3 च्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, तर राहायची सोयही. मागितल्याशिवाय बऱ्याचदा मिळत नाही.

कागद, औषधं, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत ठेवा. 1917 मध्ये डॉ. आंबेडकर लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजाने येत होती. ते जहाज महायुद्धात बुडालं आणि पुस्तकं गेली. जिवापाड जपायचं ते आपल्यासोबत असावं. खायला आपली कडक भाकरी आणि शेंगाची कोरडी चटणी यांना तोड नाही, दोन दिवस उशीर झाला तरी बिघडत नाहीत. फक्त उतरण्याआधी संपवा, उरलं तर कस्टममध्ये सांगा.

घरच्यांनी दर दहा मिनिटांनी फोन करून पोराच्या मोबाइलची बॅटरी संपवू नये. कधी बोलायचं ते आधीच ठरवून घ्यावं.

आपली पोरं काउंटरवर बोलायला लाजतात, इंग्रजी अडखळतं म्हणून. पण घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी असं रोज बोलणाऱ्या पोराला "माझं विमान चुकलं, पुढचं कधी?" एवढं विचारणं जड नाही. निघण्याआधी घरात हे वाक्य चार वेळा मोठ्याने म्हणायला लावा.