रडणारी पृथ्वी पुरे झाली, आता सही करणारा हात काढा

पाच जून जवळ आला की माझ्या फोनमध्ये तीच ती चित्रं यायला लागतात. तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी. बर्फाच्या तुकड्यावर एकटं उभं पांढरं अस्वल. कुऱ्हाड बघून रडणारं झाड. आपल्या जिल्ह्यातल्या पेपरांतही हीच छापतात, आणि त्याच पानावर खडी क्रशरवाल्यांच्या पर्यावरण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा! मी स्वतः असली पानं कित्येक वर्षं लावलीत. त्यामुळे हे दुसऱ्यावर ढकलत नाही.

पण आज स्पष्टच बोलतो. ही व्यंगचित्रं नाहीत, शुभेच्छापत्रं आहेत.

व्यंगचित्र कुणाला तरी टोचायला हवं. पृथ्वीला ताप आला म्हणून कोण चिडणार? आमदार नाही, ठेकेदार नाही, मंत्रालयातला साहेब नाही. उलट तेच लोक ते चित्र स्टेटसला ठेवतात. आर. के. लक्ष्मण आठवा. त्यांच्या रस्त्यावरच्या खड्ड्याशेजारी पुढारी असायचा, त्याचं भाषण असायचं आणि मागे मुकाट बघणारा कॉमन मॅन. म्हणजे खड्ड्याला मालक होता. हवामान बदलाला मात्र आपण मालकच ठेवला नाही. 'मानवाने निसर्गावर अत्याचार केला' म्हणे! कोणता मानव? दुष्काळात घागर घेऊन टँकरमागे पळणारी बाई आणि डोंगर फोडायला परवानगी देणारा अधिकारी, दोघांना एकाच पिंजऱ्यात उभं करायचं?

चित्राला विषय नाहीत असं कुणी म्हणू नये. माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल २०११ मध्ये केंद्राला दिला. तो जड वाटला म्हणून कस्तुरीरंगन समिती नेमली, तिने २०१३ मध्ये संरक्षित करायचं क्षेत्र बरंच कमी केलं. मग मसुदा अधिसूचना निघायला लागल्या. एकामागून एक मसुदे. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडमध्ये डोंगर कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशी. दरम्यान आपल्याकडे २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. अहवाल मानला असता तर ही सगळी घरं वाचलीच असती असा दावा मी करत नाही. पण मसुद्यांची ही चवड आणि शेजारी तीन गावांच्या पाट्या, एवढं जरी कुणी काढलं तरी खाली ओळ लिहायची गरज नाही.

बाहेर असं काम झालंय. २००९ मध्ये कोपनहेगनची हवामान परिषद भरली तेव्हा जोएल पेट या अमेरिकन व्यंगचित्रकाराने एक सभागृह काढलं. पडद्यावर फायद्यांची यादी : स्वच्छ हवा, स्वच्छ पाणी, निरोगी मुलं. आणि श्रोत्यांतला एक जण काळजीने विचारतोय, हवामान बदल थोतांड निघालं आणि आपण उगाचच जग चांगलं करून बसलो तर? ना अस्वल, ना अश्रू. 'हे सगळं थोतांड आहे' म्हणणाऱ्यांच्या युक्तिवादालाच त्याने चिमटा काढला.

उलटंही झालंय. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस करारानंतर 'द ऑस्ट्रेलियन' या दैनिकात बिल लीक यांनी भुकेले भारतीय दाखवले. मदत म्हणून आलेली सौर पॅनेलं फोडून ते खातायत, एक जण तर आंब्याच्या चटणीबरोबर! वर्णद्वेषी म्हणून त्यावर जगभरातून टीका झाली. गंमत म्हणजे दोनच आठवड्यांपूर्वी त्याच पॅरिसमध्ये भारताने फ्रान्सबरोबर आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा केली होती. सांगायचा मुद्दा हा, की आपलं चित्र आपण काढलं नाही तर दुसरा कुणीतरी काढतो, त्याला वाटेल तसं.

आता घरातली गोष्ट. रस्ता रुंदीकरणात जुने वड गेले त्या वर्षी एका चित्रकलेच्या सरांनी मी काम करायचो त्या पेपरला एक चित्र पाठवलं. नेते रोपाला पाणी घालतायत, मागे ट्रकमध्ये वडाचा बुंधा. फोटोग्राफर म्हणतोय, 'साहेब, जरा डावीकडे सरका, वड दिसतोय!' डेस्कवर आम्ही पोट धरून हसलो. आणि छापलं नाही. दोन दिवसांनी त्याच नेत्यांच्या वाढदिवसाची पुरवणी होती. त्या जागी आम्ही काय लावलं असेल? थर्मामीटरवाली पृथ्वी. मी तोंडातून शब्द काढला नाही. सरांनी पुन्हा कधी चित्र पाठवलं नाही.

भीती खोटी नाही. २०१२ मध्ये असीम त्रिवेदी यांना व्यंगचित्रांवरून मुंबईत अटक झाली, देशद्रोहाचं कलम लागलं, ते नंतर मागे घेतलं गेलं. पण आमच्या पेपरला पोलिसांचा फोन आला नव्हता. कोर्टाची नोटीस नव्हती. जाहिरातीच्या दोन पानांनी काम केलं. आपल्याकडचा सेन्सॉर खाकीत येत नाही, तो पेढ्याचा बॉक्स घेऊन येतो.

म्हणून शाळांना, मंडळांना, पेपरवाल्या दोस्तांना हात जोडून सांगतो. यंदा पाच जूनच्या चित्रकला स्पर्धेला 'पृथ्वी वाचवा' हा विषय देऊ नका. 'आपल्या गावातलं झाड कुणी तोडलं?' हा द्या. पोरांना खरं माहीत असतं. बक्षीस द्यायला प्रायोजक मिळणार नाही, हेही मला माहीत आहे. पहिलं बक्षीस माझ्या खिशातून.

आणि सर, तुम्ही हे वाचत असाल तर, ते वडाचं चित्र अजून असेल तुमच्याकडे. पाठवा. पेपरात नाही, पण या भिंतीवर नक्की लावतो. उशीर झाला, माफ करा.