मागच्या सीटवरचे मत

वापरलेली गाडी घ्यायची तर जुन्या पिढीची घ्यावी की नव्या पिढीची, हा प्रश्न हल्ली खेडोपाडी सोयरीक जुळवण्याच्या प्रश्नाइतकाच चवीने चघळला जातो. कोरी गाडी घेण्याची ऐपत थोड्यांचीच. बाकीच्यांची नजर जुन्या बाजारावर असते, आणि त्यातही ती बहुधा 'स्कॉर्पिओ'वर खिळते. २००२ साली ही गाडी बाजारात आली आणि ती आमच्या नाशिकच्या कारखान्यात तयार होत आली. त्यामुळे आमच्या भागात तिच्याविषयी माहेरवाशिणीचा जिव्हाळा आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीवर काय म्हणून लिहावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर इतकेच, की ज्या गाडीत मला बसायचे आहे, तिच्याविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील आणि चुलते मिळून यंदा गाडी घेणार आहेत. आरसी बुक, विम्याचा कागद, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला हे सारे वाचून दाखवण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. कागद मी वाचायचे आणि मत इतरांनी द्यायचे, अशी ही वाटणी! मत देणारे कोण? वडील, चुलते, गॅरेजवाला मिस्त्री आणि एजंट. चौघेही बॉनेट उघडून इंजिनाभोवती उभे राहतात. मागचे दार उघडून आत बसून पाहावे, असे कोणाच्याही मनात येत नाही.

प्रथम वादाचे स्वरूप पाहू. स्कॉर्पिओच्या ढोबळमानाने तीन पिढ्या मानता येतील. पहिली २००२ ची. तिच्यात आधी २.६ लिटरचे डिझेल इंजिन होते, पुढे २.२ लिटरचे 'एमहॉक' आले. दुसरी २०१४ ची, नव्या चासीवर बांधलेली. तिसरी म्हणजे जून २०२२ मध्ये आलेली 'स्कॉर्पिओ-एन'. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्या पिढीच्या गाडीला 'क्लासिक' हे नाव देऊन तीही विक्रीस चालू ठेवली गेली. म्हणजे जुनी आणि नवी पिढी एका छपराखाली नांदू लागली, जशी ती आपल्या घरांतून नांदते.

जुन्या पिढीची बाजू लंगडी आहे असे मी म्हणणार नाही. ती स्वस्तात मिळते. तिचे सामान तालुक्याच्या गावी मिळते आणि तिचे दुखणे आमच्या मिस्त्रीला नुसत्या आवाजावरून कळते. नव्या गाडीत काही बिघडले, तर संगणक लावल्यावाचून निदान होत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले, आणि डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी आली. गाडी नुसती घर ते शेत अशा छोट्या फेऱ्यांत फिरली, तर ती जाळी तुंबते. ती मोकळी होण्यासाठी गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर पळवावी लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा खर्चाचा आणि डोकेदुखीचा मामला आहे. उलट जुन्या गाडीलाही तिचे खर्च आहेत. पंधरा वर्षे झाली, की फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आलाच. फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाली. जमाखर्च मांडला, तर दोन्ही पारडी फारशी वरखाली होत नाहीत.

परंतु जुन्या गाडीचे सर्वांत आवडते समर्थन निराळेच असते : "पत्रा जाड आहे!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की ते आता म्हणीसारखे झाले आहे. जाड पत्र्याने गाडी टिकते हे खरे; पण गाडी टिकणे आणि माणूस टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धडक बसली, की तिचा जोर कुठेतरी जिरावा लागतो. समोरचा भाग चुरगळून तो जोर पोटात घेईल आणि माणसे बसण्याची जागा शाबूत राहील, अशा रीतीने नव्या गाड्या बांधण्याचा प्रयत्न असतो. भाबडेपणाने आपण त्याला 'पत्रा पातळ' म्हणतो. २०१६ मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिली. मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी तिला शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच संस्थेने स्कॉर्पिओ-एनला पाच तारे दिले. जाड पत्र्याच्या अभिमान्यांनी या दोन आकड्यांचा विचार करावा.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्याकडे गाडीत बसण्याची एक अलिखित रीत आहे. पुढे पुरुष, मधल्या सीटवर वडीलधारी किंवा पाहुणे, आणि अगदी मागे आम्ही मुली, लहान पोरे आणि पिशव्या. जुन्या पिढीच्या अनेक गाड्यांत हा मागचा भाग म्हणजे समोरासमोरची दोन आडवी बाके. पट्ट्याचे नाव नको. गाडी पुढून आदळली, तर त्या बाकावरच्या माणसाला अडवायला काहीही नसते. तो कुशीवर पुढे फेकला जातो. सप्तशृंगीच्या गडावर जाताना घाटातल्या प्रत्येक वळणाला आम्ही एकमेकींच्या अंगावर पडतो आणि हसतो. त्या हसण्याचा अर्थ एरवी कोणी लावत नाही.

कायद्यानेही पुढच्यांचाच विचार आधी केला. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, आणि २०२२ उजाडता पुढे बसणाऱ्या दुसऱ्या माणसासाठीही. मागच्याला मात्र पट्ट्यावाचून वाली नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. गाडी महागडी होती. पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. श्रीमंताच्या गाडीत जे घडले, ते आपल्या गाडीतल्या पट्टे नसलेल्या बाकावर घडणार नाही काय?

म्हणून 'नवे ते सोने' असा माझा दावा आहे, असे कोणी समजू नये. स्कॉर्पिओ-एनलासुद्धा मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले, पण मुलांसाठी तीनच! नव्या पिढीतही मागच्यांचा वाटा थोडा कमीच पडला. शिवाय ती वापरलेली घ्यायची म्हटली, तरी आमच्यासारख्यांना कर्ज काढावे लागेल, आणि कर्जाच्या हप्त्यापायी माझ्या धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबावे, असे मला कदापि वाटणार नाही.

माझे मत असे : पिढीच्या नावावर भांडण्यापेक्षा गाडीचा महिना आणि वर्ष पाहावे. जुलै २०१९ नंतर तयार झालेली आणि मागच्या सीटा पुढे तोंड करून असलेली गाडी मिळाली, तर ती दुसऱ्या पिढीची असली तरी चालेल. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का, हे पाहावे. तो लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर पूर्वी अपघात होऊन एअरबॅग गेली असण्याची शंका घ्यावी. मागचे पट्टे ओढून पाहावेत. पुष्कळ ठिकाणी ते सीट कव्हरखाली गाडलेले असतात. आणि सौदा ठरण्यापूर्वी आई, आजी आणि मुलींना मागे बसवून एक फेरी मारावी. चढायला उतरायला आजीला जमते का, डोके कुठे आपटते, पट्टा पुरतो का, हे त्याच सांगू शकतील. गॅरेजवाला ते सांगू शकणार नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल, तोवर आमच्या अंगणात कुठली तरी गाडी उभी असेल. ती कोणती, ते आज मला ठाऊक नाही. पण माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरी आज ना उद्या हा विषय निघेल आणि कागद वाचायला तुम्हालाच बोलावतील. त्या वेळी नुसते कागद वाचून उठू नका. चार वर्ग अधिक शिकलेल्याचे काम वाचून दाखवण्यापुरते नसते. ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांच्या वतीने चार शब्द बोलण्याचेही असते.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला