आधी उचलून बघा

मागच्या दिवाळीत नारायणगावला घरी गेलो, तर माडीवरचे दोन मोठे स्पीकर चादरीखाली झाकलेले. एकावर तर चक्क पापडाचा डबा ठेवलेला. विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "आता शब्द कळत नाहीत रे. नुसतं घुमतं. माझे कान गेले, दुसरं काय."

हे ऐकून पोटात जरा कालवलं. कारण हे स्पीकर म्हणजे आमच्या घरातली मोठी गोष्ट. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला. ज्यांना जमलं त्यांनी टीव्ही घेतला, आणि आमच्या शिक्षक असलेल्या अण्णांनी मुंबईला जाऊन हे जमिनीवर ठेवायचे थ्री-वे स्पीकर आणले, एसटीच्या टपावर टाकून! तेव्हा परदेशी माल आपल्याला परवडायचा नाही. कॉस्मिक, सोनोडाईन, फिलिप्स हीच नावं लोकांना माहीत. आमचे कुठल्या कंपनीचे ते सांगत बसत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाहीच.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो साउंडबारचा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही खोडच असते. जुना कोड दिसला की तो वाचायच्या आधीच "हे सगळं नव्याने लिहायला हवं" असं म्हणून मोकळं व्हायचं. बग कुठे आहे ते शोधायचं नाही. फोनवर साउंडबारची ऑर्डर टाकता टाकता थांबलो आणि म्हटलं, निदान टेप लावून मोजू तरी.

मोजलं ते असं. स्पीकरची उंची २८ इंच. ट्वीटर, म्हणजे स, श, च असली तीक्ष्ण अक्षरं काढणारा छोटा स्पीकर, जमिनीपासून २४ इंचांवर. खाली दहा इंची वूफर, त्याचं केंद्र ९ इंचांवर. गुडघ्यांमुळे अण्णा हल्ली उंच खुर्चीवर बसतात, तिथे त्यांचा कान ४२ इंचांवर येतो. पूर्वी ते सतरंजीवर बसून ऐकायचे, म्हणजे कान बरोबर ट्वीटरच्या आसपास. थोडक्यात काय, स्पीकर होते तिथेच राहिले आणि माणूस दीड फूट वर गेला. ही गोष्ट घरात कोणाच्या लक्षात आली नव्हती. अर्थात माझ्याही.

नारायणगाव म्हणजे टोमॅटोचा मोठा बाजार. घरोघरी प्लास्टिकचे क्रेट पडलेले असतात. शेजारच्या काकांकडून दोन आणले, उलटे घातले आणि त्यांवर स्पीकर चढवले. एकेक स्पीकर बावीस किलोचा, त्यामुळे पाठीने दुसऱ्या दिवशी हिशेब मागितला. त्याच वेळी दोन्ही स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड फूट पुढे घेतले. भीमसेनांची कॅसेट लावली. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त पुढे झुकून बसले होते ते मागे टेकून बसले.

आता यामागचं गणित. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

खुर्ची आणि स्पीकर यांच्यात ८ फुटांचं अंतर. ट्वीटरपेक्षा कान १८ इंच वर, म्हणजे साधारण साडेदहा अंशांचा कोन. एवढासा कोन, त्याने काय होणार? पण ट्वीटर आणि त्याच्या खालचा मिड यांच्यात ८ इंच अंतर आहे, आणि ३००० हर्ट्‌झच्या आसपास दोघेही एकाच वेळी वाजतात. कान वर गेला की दोघांपासूनची अंतरं सारखी राहत नाहीत, पावणेचार सेंटिमीटरचा फरक पडतो. ३००० हर्ट्‌झच्या लहरीची लांबीच मुळात साडेअकरा सेंटिमीटर. म्हणजे एक लहर दुसरीपेक्षा जवळजवळ एक-तृतीयांशाने मागे पडते आणि दोघींची बेरीज बिघडते. ती नेमकी व्यंजनं कळायची जागा. शब्द हरवणार नाहीत तर काय!

घुमण्याचं कारण वेगळं. स्पीकर भिंतीला किंवा जमिनीला जितका चिकटून, तितका खालचा आवाज फुगतो. रॉय ॲलिसन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७४ मध्ये यावर निबंध लिहिला होता, तो आजही लोक वाचतात. आमचे स्पीकर तर कोपऱ्यात, म्हणजे दोन भिंती आणि जमीन असा तिहेरी टेकू. शिवाय माडीची जमीन फळ्यांची, तीही सोबत थरथरायची. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. उंचीमुळे सगळं झालं नाही. घुमणं कमी झालं ते मुख्यतः भिंतीपासून पुढे ओढल्यामुळे. आणि उंचीची किंमतही मोजावी लागते. जमिनीवरून परत येणारा आवाज थेट आवाजाला जिथे खोडतो तो खड्डा काही नाहीसा होत नाही, फक्त सरकतो. माझ्या हिशेबाने वूफरच्या बाबतीत तो ९४० हर्ट्‌झवरून ४५० च्या जवळ आला. फुकट काहीच मिळत नाही. आमच्याकडे हा सौदा फायद्याचा ठरला, इतकंच.

क्रेटवर कायम ठेवणं शक्य नव्हतं. पोकळ प्लास्टिक स्वतःच वाजतं, आणि घरात नातवंडं धावतात. मग गावातल्या सुतारमामांना बोलावलं. मी प्लाय म्हणालो, तर अण्णा उठून गोठ्याकडे गेले आणि सागाच्या तुळईचे दोन तुकडे दाखवले. हे आजीच्या माहेरचं लाकूड. जुन्या आंबेगावातलं घर, डिंभे धरणाचं पाणी चढायच्या आधी उतरवलेलं. तालुक्याला ज्या गावाचं नाव, ते मूळ गावच पाण्यात गेलं. त्या घराचं आमच्याकडे एवढंच उरलेलं. इतकी वर्षं अण्णांनी ना ते विकलं, ना वापरलं.

मला ते कापायचा धीर होईना. सुतारमामा म्हणाले, "भाऊ, लाकूड ठेवून ठेवून काय करनार? वाळवी खाईल नायतर तुमची पोरं भंगारात घालतील. कामाला लावा." अण्णांनी मान डोलावली.

मामांनी दोन चौरंग केले. उंची १० इंच, क्रेटपेक्षा थोडी कमी. त्याऐवजी पुढची कड अर्धा इंच उंच ठेवली, म्हणजे स्पीकर किंचित मागे कलून ट्वीटरचं तोंड कानाकडे होतं. खालचा पाया स्पीकरपेक्षा दोन्ही बाजूंनी दोन इंच रुंद, नाहीतर नातवंडांच्या धक्क्याने कलंडायचे. पायांच्या मधे आडव्या पट्ट्या, खाचेत खाच बसवून, एकही खिळा नाही. पायांखाली जाड रबर, म्हणजे फळ्यांना थरथर कमी जाते. पाणसळ लावून चारही पाय टेकल्याची खात्री केली, कारण डुगडुगणाऱ्या चौरंगापेक्षा जमीन बरी. शेवटी लाखेचं पॉलिश. झालं.

साग आहे म्हणून आवाज जास्त गोड येतो का? अजिबात नाही. चांगल्या जाड प्लायचे भक्कम चौरंग केले असते तरी कानाला तेवढंच समाधान मिळालं असतं. जुनं वाळलेलं लाकूड वाकत नाही एवढा त्याचा खरा फायदा. बाकीचं कारण आमचं घरगुती.

हे एवढं लांबण लावायचं कारण, हल्ली या विषयात दोन टोकं दिसतात. एका टोकाला "विंटेज" म्हणून काहीही अव्वाच्या सव्वा भावात विकणारे. जुना आवाज म्हणजे जादू, आणि तो खुलायला हजारो रुपयांचे टोकदार पितळी पाय हवेत म्हणे. दुसऱ्या टोकाला "काका, हे भंगारात द्या, नवीन घ्या" म्हणणारे दुकानदार, आणि माझ्यासारखे घाईतले मुलगे. दोघांपैकी कोणीच टेप काढून मोजत नाही. माझं मत सरळ आहे. वस्तू जुनी झाली याचा अर्थ ती सोन्याची झाली असा नाही आणि बाद झाली असाही नाही. आधी ती योग्य जागी आहे का ते बघा. दोन क्रेट किंवा चार विटा, एक शनिवार, खर्च शून्य. तरीही नाही जमलं तर खुशाल विका. आमच्याकडे खोडदला आणि आसपासच्या भागात ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी आहेत. आकाशातलं काही ऐकायचं तर आधी त्यांचं तोंड तिकडे वळवावं लागतं. आम्ही मात्र घरातल्या स्पीकरचं तोंड अण्णांच्या गुडघ्यांकडे ठेवून त्यांच्या कानांना दोष देत होतो.

कान तपासले, हेही सांगायला हवं. वयाप्रमाणे वरच्या सुरांचं ऐकू येणं थोडं कमी झालंय. म्हणजे अण्णा अगदीच चूक नव्हते. पण जे थोडं उरलंय तेही आम्ही त्यांच्यापर्यंत पोचू देत नव्हतो, आणि त्यांनी निमूटपणे स्वतःला बाद ठरवून चादर ओढली होती. ते मला जास्त लागलं.

गेल्या शनिवारी रात्री पुन्हा माडीवर बसलो होतो. कित्येक वर्षं "वाढव जरा" म्हणणारे अण्णा म्हणाले, "कमी कर रे, शेजारी झोपलेत."

असो. तुमच्याकडे असे कोपऱ्यात पडलेले स्पीकर असतील, तर विकायच्या आधी एकदा उचलून बघा. पाठ सांभाळून.