मुख्याध्यापकांच्या पाठीशी कोण?

जून महिन्यात शाळा उघडतात. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत आपल्या कॅथलिक शाळांतून नवे वर्ष सुरू होते. काही शाळांत मुख्याध्यापकही नवे असतात. कोणी धर्मभगिनी दुसऱ्या शहरातून बदलून आलेल्या असतात, तर कोणी प्रापंचिक शिक्षक अनेक वर्षे वर्गात शिकवून प्रथमच या जबाबदारीवर आलेले असतात. आपण पालकसभेत टाळ्या वाजवून त्यांचे स्वागत करतो व घरी जातो. पुढे त्यांच्या पाठीशी कोण उभे राहते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

वरवर पाहता, मुख्याध्यापकांवर देखरेख करणाऱ्यांची उणीव नाही. मुंबईत खासगी प्राथमिक शाळांचे कामकाज महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाशी, तर माध्यमिक शाळांचे राज्य शासनाच्या शिक्षण निरीक्षकांशी चालते. त्यातही अंधेरी-बोरिवली पश्चिम विभागात, तर घाटकोपर-मुलुंड उत्तर विभागात मोडतात. दहावीच्या परीक्षेसाठी वाशीचे विभागीय मंडळ असते. संगणकावर यू-डायसची माहिती भरावयाची, शाळेचे स्वयंमूल्यमापन करावयाचे, शिवाय संस्थाचालकांना हिशेब द्यावयाचा. पटसंख्या, संचमान्यता, अनुदान यांची विचारणा आवश्यकच आहे. परंतु नवख्या शिक्षकाला शिकवण्यात मदत कशी करावी, दोन शिक्षकांतील वाद कसा मिटवावा, संतप्त पालकांना कसे सामोरे जावे, याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. तपासणारे अनेक असूनही मुख्याध्यापक एकाकीच राहतात.

या बाबतीत आपल्या समाजाची जबाबदारी इतरांहून अधिक आहे. भारतीय संविधानाच्या कलम 30 नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रातील खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाच्या, तसेच व्यवस्थापनाने शिक्षण संचालकांना नावे कळविलेल्या आणखी तीन जणांच्या नेमणुकीला लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 1998 साली केरळमधील एका शाळेच्या प्रकरणात मुख्याध्यापक निवडण्याचा व्यवस्थापनाचा हक्क उचलून धरला. निवडीचा हा हक्क आपण निष्ठेने जपला आहे. मात्र ज्याला आपण निवडले, त्याला घडविण्याचे व सावरण्याचे कर्तव्यही त्या हक्काबरोबरच येते. हक्कासाठी न्यायालयापर्यंत जायचे आणि कर्तव्याच्या वेळी गप्प राहायचे, हे आपल्याला शोभणारे नाही.

ख्रिस्तसभेच्या नियमांतही याला आधार आहे. 1983 च्या कॅनन कायद्यातील 806 वे कलम धर्मप्रांताच्या बिशपांना आपल्या क्षेत्रातील कॅथलिक शाळांवर देखरेख ठेवण्याचा व त्यांना भेट देण्याचा अधिकार देते. व्रतस्थ संघांच्या शाळाही त्यात येतात. येथे देखरेखीच्या जोडीने भेटीचा उल्लेख आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

भेट कशी असावी, हे निर्गमाच्या अठराव्या अध्यायात दिसते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्यायनिवाडा करीत बसलेला मोशे त्याचा सासरा इथ्रो पाहतो. तो प्रथम दिवसभराचे काम स्वतः पाहतो, नंतर प्रश्न विचारतो आणि मग सल्ला देतो: हे ओझे एकट्याने वाहू नकोस, योग्य माणसे निवड आणि काम वाटून दे. पाहणे, विचारणे आणि मार्ग सुचविणे, हाच खऱ्या देखरेखीचा क्रम होय.

अमेरिकेत 2014 पासून सहा शहरी शिक्षण विभागांत असाच एक प्रयोग झाला. तेथील पर्यवेक्षकांची कार्यालयीन कामे कमी करून त्यांना शाळांत व वर्गांत अधिक वेळ देण्यास सांगण्यात आले. एका पर्यवेक्षकाकडे सरासरी 17 मुख्याध्यापक असत, ती संख्या सुमारे 12 वर आणली गेली. मार्गदर्शकाकडे मोजक्याच शाळा असल्या, तरच तो प्रत्येक शाळेला ओळखू शकतो, हा त्यातील विचार आपल्यालाही घेता येईल.

आपल्याकडे हे अशक्य नाही. उपनगरांतील आपल्या धर्मग्रामांत निवृत्त मुख्याध्यापक आहेत. महाधर्मप्रांताचे शिक्षण मंडळ व व्रतस्थ संघ यांनी एकत्र येऊन अशा अनुभवी व्यक्तींकडे दहा-बारा शाळा सोपवाव्यात. त्यांनी महिन्यातून एकदा शाळेत जावे, मुख्याध्यापकांसोबत वर्गात मागे बसावे व नंतर निवांत बोलावे. मात्र वार्षिक मूल्यमापन त्यांच्याकडे देऊ नये. जो आपला अहवाल लिहिणार, त्याच्यापाशी आपली अडचण कोणी मोकळेपणाने सांगत नाही. मूल्यमापन व्यवस्थापनानेच करावे, पण ते लेखी असावे व मुख्याध्यापकांना त्यावर बोलण्याची संधी मिळावी. भावी मुख्याध्यापकांची निवड शक्यतो एक वर्ष आधी व्हावी, म्हणजे जुन्यांच्या हाताखाली त्यांना काम शिकता येईल. सेवानियम व हिशेब यांबाबत अनेक शाळांना मिळून एक सल्लागार नेमता येईल.

पालक म्हणून आपलाही यात वाटा आहे. तक्रार असल्यास प्रथम मुख्याध्यापकांना भेटावे. तेथे दाद न मिळाल्यास व्यवस्थापनाकडे जरूर जावे, परंतु शाळेच्या फाटकावर जमाव नेऊ नये. व्यवस्थापनानेही दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये. पाठबळ देणे म्हणजे चुका झाकणे नव्हे. ज्याला वेळीच सल्ला मिळतो, त्याच्याकडून जाबही न्यायाने विचारता येतो.

आपल्या मुलांचे शिक्षक ज्यांच्याकडे आधारासाठी पाहतात, त्या मुख्याध्यापकांनाही आधार हवा असतो. येत्या पालकसभेत टाळ्या वाजवून झाल्यावर व्यवस्थापनाला एक प्रश्न नम्रपणे विचारू या: आमच्या मुख्याध्यापकांना भेटायला कोण येते?