बँकर सामाईक, मग कॅरेट का नाही?

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. कंटेनर वाहतुकीचा तो आरंभ. ते जहाज पाठवणाऱ्या, मूळच्या ट्रकवाल्या माल्कम मॅक्लीनचे नाव राहिले ते नुसत्या पेटीमुळे नव्हे. पेटीच्या कोपऱ्यांच्या जोडणीचे पेटंट त्याच्या कंपनीने सर्वांना खुले केले, मापे ठरली आणि कोणाचीही पेटी कोणाच्याही ट्रेलरवर बसू लागली.

न्हावा-शेव्याचे असे ट्रेलर खालापूरच्या टोलनाक्यावर रोज दिसतात. त्याच रांगेत वाशीला भाजी उतरवून घाटावर परतणारा टेम्पोही असतो. हौद्यात दोरीने आवळलेली रिकामी कॅरेट, एक उंच तर एक बुटके, प्रत्येकावर रंगाने मारलेली मालकाची खूण. हौदा गच्च भरलेला, पण हवेने! परतीचे भाडे मिळाले तरी माल ठेवायला जागा नाही. टोल आणि डिझेल मात्र चुकत नाही.

कर्जतकरांना यावरचा उपाय समजावायला नको. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांबच्या गाड्या कर्जतला थांबतात, मागून ढकलायला बँकर इंजिने लागतात, ३७ फुटांना एक फूट असा बोरघाटाचा चढ सरतो. लोणावळ्याला सुटलेले बँकर खाली येऊन दुसऱ्या गाडीला लागते. डेक्कन क्वीनने स्वतःचे वेगळे बँकर बाळगलेले नाही. कॅरेटही असेच सामाईक हवे.

रेल्वेचा मालक एकच, म्हणून हे जमते, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कॅरेटचे मालक शेकडो. पण १९६१ मध्ये युरोपातल्या वेगवेगळ्या देशांच्या रेल्वेंनीही लाकडी पॅलेटचा सामाईक साठा उभारलाच. भरलेले पॅलेट द्यायचे, तेवढेच रिकामे घ्यायचे. आपल्याकडे अनामत घेतली तर हिशेब याहून सोपा होईल. माप शोधायचीही गरज नाही. ६०० बाय ४०० मिलिमीटर हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. असे पाच डबे १२०० बाय १००० च्या पॅलेटवर नेमके बसतात. डबा दुमडणारा असला की परतीच्या फेरीत हौदा मोकळा.

एक पथ्य मात्र कडक हवे. पाताळगंगा-रसायनीच्या कारखान्यात फिरलेला डबा भाजीकडे येता कामा नये. दोन साठे, दोन रंग, धुण्याची सोय. इथे काटकसर नको.

केंद्राचे राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरण सप्टेंबर २०२२ मध्ये आले. धोरण दिल्लीतून येते, कॅरेट गावातून निघते. कर्जत-खालापूरचे भाजी व्यापारी, टेम्पोवाले आणि कारखानदार यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा एकत्र बसावे. पहिल्या बैठकीत फक्त माप आणि अनामतीची रक्कम ठरवावी. अध्यक्ष कोण, हे नंतर पाहता येईल.